मी ताणत राहिले

केज तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षिका आहे. शाळेतली योगासनं कायम माझ्याकडे असायची, कारण माझं अंग कसंही वाकतं. गुडघे ताठ ठेवून तळहात जमिनीला टेकतात, अंगठा वाकवला की कोपराखालच्या हाताला टेकतो, कोपरं आणि गुडघे सरळ रेषेच्या पलीकडे जातात. या अंगाच्या जोरावर मी मुलांना शिकवलं, स्पर्धांना नेलं. याच अंगाच्या बाबतीत पस्तिशीनंतर एकामागून एक चुका केल्या. त्यातली एक चूक माझ्यापुरती राहिली नाही, म्हणून हे लिहायला बसले.

पहिली चूक दुखणं ओळखण्यातली. संध्याकाळ झाली की मान, कंबर, गुडघे आखडल्यासारखे वाटायचे. आखडलं की ताणायचं, हे मुलांना सांगत आले होते, तेच स्वतःला लागू केलं. पश्चिमोत्तानासनात जास्त वेळ बसायचं, चक्रासनात आणखी खोल जायचं. तेवढ्यापुरतं बरं वाटे आणि दुसऱ्या दिवशी दुखणं वाढे. काहींचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड धरून ठेवणारे पट्टे, जन्मतःच सैल असतात. मग सांधा जागेवर ठेवायचं काम स्नायूंवर येऊन पडतं. ते दिवसभर आवळून राहतात, थकतात, आणि आपल्याला वाटतं अंग आखडलं. बिजागरी सैल झालेलं दार आणखी मागे ढकलून नीट बसत नाही. मी मात्र वर्षानुवर्षं तेच करत होते.

दुसरी चूक डॉक्टरांशी बोलण्यातली. घरात सगळ्यांनी ‘वात’ म्हटलं, मीही म्हटलं. तेल चोळून घेतलं, एका हाडवैद्याकडून पाय ओढून घेतला. पुढे रक्त तपासलं, एक्स-रे काढला. सगळे रिपोर्ट नॉर्मल. पण लहानपणापासून माझा घोटा वरचेवर मुरगळतो, जांभई देताना जबडा सरकतो, अंग असं वाकतं, यातलं काहीही मी एकाही डॉक्टरला सांगितलं नाही. ज्यासाठी बक्षिसं मिळाली होती ते दुखण्याचं कारण असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणायची, उपाशीपोटी घ्यायची आणि शाळा गाठायची, असं चालू राहिलं. त्यातून पोटाचं दुखणं मागे लागलं.

तिसरी चूक याच्या उलट टोकाची. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवलं, आता पूर्ण विश्रांती. पडून राहिले. स्नायू होते तेही ढिले पडले. तेवढ्यात गावात पाण्याचा टँकर सुरू झाला. राहिलेली सगळी कामं एका दमात उरकायची म्हणून भरलेल्या घागरी उचलल्या आणि कंबर धरली. पुन्हा विश्रांती, पुन्हा झपाटून काम. हा फेरा मी बराच काळ फिरले.

सगळ्यात मोठी चूक मी दुसऱ्याच्या अंगावर केली. शेजारच्या वहिनी दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जातात. पाडव्याच्या सुमारास परत आल्या की माझ्याकडे येऊन बसतात. एका वर्षी म्हणाल्या, ‘‘बाई, मोळी डोक्यावर घेतली की खांदा खटकन् सरकतोय बगा. मग हातात जीवच राहत न्हाई.’’ मी खांदा बघितलाही नाही. सांगितलं, ‘‘वहिनी, आखडलाय तो. रोज हात वर करून मागे ताणत जा.’’ आसन करूनही दाखवलं. त्यांचा माझ्यावर विश्वास, त्यांनी ते मनापासून केलं. पुढच्या हंगामात फडातच खांदा निखळला. बसवून घेतला, पण काम थांबलं नाही. उचल घेतलेली, एक दिवस चुकला तरी मुकादम खाडा धरतो. खाडा पडू नये म्हणून बीडच्या ऊसतोड बायका अंगावर काय काय काढतात, हे २०१९ साली गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने वाचलं. मीही वाचलं होतं. तरी समोर बसलेल्या बाईचा खांदा मला हात लावून बघावासा वाटला नाही.

उलगडा झाला अंबाजोगाईला. एका फिजिओथेरपिस्टताईंनी माझी नऊ गुणांची तपासणी केली. पीटर बायटन यांच्या १९७३ च्या अभ्यासापासून ती जगभर वापरतात. दोन्ही करंगळ्या, दोन्ही अंगठे, दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे यांचा प्रत्येकी एक गुण आणि तळहात जमिनीला टेकल्याचा एक. प्रौढांत ५ किंवा अधिक, पन्नाशीनंतर ४ किंवा अधिक गुण आले तर सांधे अतिलवचिक धरतात. नुसतं वाकणं हा आजार नव्हे. ज्यांना त्रास नाही त्यांना उपचारही नको. वाकण्याबरोबर दुखणं, वरचेवर मुरगळणं, सांधा निसटणं असेल तर २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो विकार धरला आहे. असा त्रास असणाऱ्या काहींना एहलर्स-डॅनलॉस हा शरीराला धरून ठेवणाऱ्या ऊतींचा जन्मजात विकार असतो. कातडी फार ताणली जाणं, सहज काळंनिळं पडणं, हर्निया, अंग बाहेर येणं अशा खुणा असतील तर डॉक्टरांना त्या आपणहून सांगायला हव्यात.

ताईंनी मला फळ्यासमोर उभी राहते तशी उभं राहायला सांगितलं. माझे गुडघे मागे जाऊन अडकले होते, पोट पुढे आलं होतं, सगळा भार टाचांवर. मला मात्र मी ताठ उभी आहे असंच वाटत होतं. सैल सांध्यांत आपला अवयव नेमका कुठे आहे याचं भानही कमी असतं. त्यांनी गुडघे किंचित सोडायला लावले, भार पूर्ण पावलावर आणला. काही क्षणांत मांड्या थरथरायला लागल्या. इतकी वर्षं या स्नायूंना मी उभं राहण्याचं कामच दिलं नव्हतं.

आता व्यायाम वेगळा आहे. भिंतीला तळहात लावून खांदा न हलवता दाबायचं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची. सेतुबंधासन करायचं, भिंतीजवळ एका पायावर तोल सांभाळायचा. कोणत्याही आसनात शेवटपर्यंत जायचं नाही, अलीकडेच थांबायचं. घागर उचलताना कोपर ताठ ठेवायचं नाही. बरं वाटलं म्हणून एका दिवशी दुप्पट करायचं नाही आणि दुखलं म्हणून आठवडाभर सोडायचंही नाही. फरक पडायला महिने लागतात. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण ते आता माझा दिवस ठरवत नाही.

वहिनींची मी माफी मागितली आणि त्यांना तपासणीला घेऊन गेले. त्यांचीही बोटं, कोपरं माझ्यासारखीच मागे वळतात. त्यांना खांद्याभोवतीच्या स्नायूंचे व्यायाम दिलेत. मोळी आता बहुतेक वेळा नवरा उचलतो, त्या तोडतात आणि बांधतात. खांदा पूर्ण भरवशाचा झालेला नाही, आणि उचल फिटेपर्यंत कोयता सुटणार नाही. माझ्या चुकीची किंमत त्या अजून मोजताहेत.

शाळेत कुणाचं अंग फार वाकताना दिसलं की टाळ्या वाजवण्याआधी मी त्या मुलाला कुठे दुखतं का, पाय वरचेवर मुरगळतो का, हे विचारते. मोठं माणूस दुखणं घेऊन आलं तर लहानपणी अंग किती वाकायचं, ते विचारते. शंका आली की आसन सांगत नाही, तपासणीला पाठवते, आणि ज्याला जाणं जमत नाही त्याच्यासोबत जाते.