वाघांची खानेसुमारी

वाचकहो, माणसांची खानेसुमारी करणे त्या मानाने सोपे. प्रगणक दाराशी येतो, विचारतो आणि आपण सांगतो. वाघाला दार नाही आणि त्याला काही विचारताही येत नाही. मग अरण्यात वाघ किती, हे सांगावे तरी कोणी?

रायपूर आणि भिलाई यांच्यामध्ये वसलेल्या कुम्हारीत मी राहते. इंग्रजी मजकुराचे मराठी भाषांतर करणे हा माझा व्यवसाय. व्याघ्रगणनेविषयीचा मजकूर हाती आला की एका शब्दापाशी लेखणी थांबते : 'गणना' लिहावे की 'अनुमान'? 'गणना' हा शब्द लोकांना भरवशाचा वाटतो, 'अनुमान' म्हटले की ते साशंक होतात. वस्तुतः येथे गोष्ट उलटी आहे.

पूर्वी पावलांच्या ठशांवरून वाघ मोजीत. परंतु ठसा मातीप्रमाणे बदलतो आणि पाहणाराच्या नजरेप्रमाणेही. राजस्थानातील सरिस्का येथे कागदावर वाघ नांदत होते. २००५ साली पाहतात तो अरण्यात एकही उरला नव्हता! चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपविले आणि मोजणीला त्याचा पत्ता वेळीच लागला नाही. एकाच साक्षीदारावर विसंबल्याचे हे फळ.

२००६ च्या पाहणीपासून पद्धत बदलली. आता वनरक्षक प्रथम पायी हिंडून पाऊलखुणा, विष्ठा आणि हरणांचे कळप यांची नोंद करतात. उपग्रहाच्या चित्रांवरून अरण्याची दाटी कळते. वाटेच्या दुतर्फा समोरासमोर बसविलेले कॅमेरे, प्राणी जवळून जाताच, आपोआप छायाचित्र घेतात. कॅमेरे दोन अशासाठी, की वाघाच्या डाव्या कुशीवरील पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. शिवाय कोणत्याही दोन वाघांचे पट्टे जुळत नसल्याने संगणकाच्या साह्याने प्रत्येकाची ओळख पटते. २०२२ च्या पाहणीत ३२,५८८ ठिकाणच्या कॅमेऱ्यांनी ३,०८० निरनिराळे वाघ टिपले. जे टिपले गेले नाहीत, त्यांचा हिशेब इतर नोंदींच्या आधारे मांडला गेला आणि देशाचे सरासरी अनुमान ३,६८२ ठरले.

कॅमेरा मात्र एका जागी खिळलेला असतो. वाघ दूरदेशी निघाला, तर गळ्यातील रेडिओ-पट्टाच त्याचा मागोवा घेतो. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या एका तरुण वाघाला २०१९ साली असा पट्टा बांधला होता. महाराष्ट्र व तेलंगणातून सुमारे ३,००० किलोमीटर भटकून तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ज्या भूमीला नकाशा अरण्य म्हणत नाही, तीतूनही वाघाची वाट जाते, हे त्याने दाखविले.

याच पद्धतीने महाराष्ट्रातील वाघांचे अनुमान २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ निघाले. आमच्या छत्तीसगडचे आकडे मात्र मन विषण्ण करतात : २०१४ मध्ये ४६, २०१८ मध्ये १९, २०२२ मध्ये १७. तरीही अनेक साक्षींनी मिळालेले कटू वर्तमान हे एका साक्षीच्या गोड वर्तमानाहून हितकर होय. रोग कळला तरच उपचार संभवतो. म्हणून मी 'अनुमान' हाच शब्द निःशंकपणे लिहिते.

कुम्हारीत वाघ नाहीत. पण तळी आहेत, पक्षी आहेत. दर फेब्रुवारीत चार दिवस देशोदेशींचे लोक पक्षी मोजतात. निदान पंधरा मिनिटे एका जागी थांबून, दिसले-ऐकले तेवढे पक्षी नोंदवावयाचे, इतकेच. ही नोंद पुढे अभ्यासकांच्या कामी येते. वाचकहो, येत्या फेब्रुवारीत मुलांना घेऊन जवळच्या तळ्याकाठी जरूर जा. यंत्रांच्या साक्षीला आपल्या डोळ्यांचीही जोड हवी.