लेकराचा कान वाहायला लागला तेव्हा

सोयाबीनची सोंगणी चालू होती. धाकट्याला सर्दी झाली, तेव्हा तो दीड वर्षाचा होता. सर्दी उतरतेय असं वाटत असतानाच रात्री ताप चढला. सारखा कान ओढायचा, आडवं केलं की जास्तच रडायचा. पहाटे उशीवर पिवळा पू दिसला आणि रडणं एकदम थांबलं. मला हायसं वाटलं. कानाचा पडदा फुटला की आतला दाब उतरतो, म्हणून दुखणं थांबतं, हे नंतर कळलं.

शेजारच्या मावशी लसणाचं कोमट तेल घेऊन आल्या. सासूबाईंनी त्यांना थांबवलं. वाहत्या कानात काही घालायचं नाही, म्हणाल्या.

आमच्या उंद्री गावाहून चिखलीला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी वजन करून अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध दिलं. ताप गेला तरी ते पूर्ण संपवायला बजावलं. स्वच्छ सुती कापडाची वात करून कानात धरायची, ओली झाली की बदलायची, कोरडी निघेपर्यंत. असं दिवसातून तीनदा. लेकरू हातपाय झाडायचं, पण कान सुकला तो यानेच.

थंडीत पुन्हा तेच. मग मी डॉक्टरांना विचारलंच, सगळ्या लसी वेळेवर दिल्यात, न्यूमोकोकलसुद्धा, मग असं का? थोरलीच्या वेळी ही लस आपल्याकडे सरकारी यादीत नव्हती, २०२१ मध्ये आली. दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने असे तीन डोस.

डॉक्टरांनी नीट सांगितलं. न्यूमोकोकस जंतूवर साखरेचं आवरण असतं. दोन वर्षांच्या आतल्या लेकराचं शरीर नुसत्या साखरेविरुद्ध नीट लढत नाही. म्हणून लसीत ती साखर प्रथिनाला जोडतात, मग शरीर तिला ओळखतं. पण या जंतूचे प्रकार शंभरावर, लसीत त्यातले मोजकेच. शिवाय कानात सापडणाऱ्या हिमोफिलस या दुसऱ्या जंतूला बहुतेकदा आवरणच नसतं, त्यामुळे पेंटाव्हॅलंट लसीतली हिब लस त्याला लागू पडत नाही. तरी न्यूमोनिया आणि मेंदूज्वर या जिवावरच्या दुखण्यांपासून या लसी वाचवतात. ते ऐकून माझी धास्ती कमी झाली.

नाकामागून कानाकडे जाणारी नळीही लहानपणी आखूड आणि आडवी असते. म्हणून तेव्हापासून दूध आडवं न पाजता बसवूनच पाजते, आणि धूर लागू नये म्हणून चुलीजवळ त्याला नेत नाही.

कान सुकल्यावरही तो हाकेला वळत नव्हता. पडद्यामागे पाणी साचलं होतं. ते बहुधा तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, नाहीच ओसरलं तर ऐकण्याची तपासणी करायची, असं सांगितलं होतं. मी रोज मागून वाटी वाजवून बघायचे. पुढे तो वळायला लागला, त्यामुळे आम्हाला तपासणीची गरज पडली नाही. कानामागे सूज आली तर मात्र रात्र असली तरी निघा, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं.