सुंभ आणि पीळ

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपण हेकट माणसाला उद्देशून म्हणतो, कौतुकाने नव्हे. पोलिश तर्कशास्त्रज्ञ हेलेना राशोवा यांच्या बाबतीत मात्र ही म्हण अक्षरशः घ्यावीशी वाटते. जर्मन ताब्यातल्या वॉर्सात विद्यापीठ बंद होते. वुकाशेविच आणि सोबोचिन्स्की यांच्याकडे त्या भूमिगत वर्गांत तर्कशास्त्र शिकल्या, पदव्युत्तर प्रबंध लिहिला, आणि १९४४ च्या उठावात शहराबरोबर तोही जळाला. त्या स्वतः आईसह कोसळलेल्या इमारतीखालच्या तळघरात वाचल्या. प्रबंध पुन्हा लिहून त्यांनी १९४५ साली पदवी घेतली. कागद गेला, पीळ राहिला, असे म्हणून थांबता आले असते. पण थांबवत नाही, कारण पुढे त्यांनी जे गणित केले तेही पिळाचेच होते. तर्कशास्त्रातली दोन विधाने घ्या. पहिल्यावरून दुसरे आणि दुसऱ्यावरून पहिले सिद्ध होत असेल, तर ती एकच माना. मग ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या बेरीज-गुणाकारासारख्या क्रिया होतात. विधान पावसाबद्दल होते की पैशाबद्दल, याने काही बिघडत नाही. हीच रचना हाताशी धरून राशोवा आणि रोमान शिकोर्स्की यांनी १९५० साली गोडेलच्या पूर्णतेच्या प्रमेयाची बीजगणिती सिद्धता दिली. तिच्यातली कळीची पायरी आजही त्या दोघांच्या नावाने शिकवली जाते. आशय काढून घेतल्यावर उरते त्याचाच ध्यास घेतलेल्या बाईंना जळलेला प्रबंध पुन्हा उभा करता आला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, त्या तळघरातून जिवंत बाहेर आल्या म्हणून प्रबंध परत आला. यात पिळाचे श्रेय ते काय? हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. वर सांगितलेली रचना आडोल्फ लिंडेनबाउम आणि तार्स्की यांच्या नावाने ओळखली जाते, आणि लिंडेनबाउम यांना नाझींनी १९४१ मध्ये मारले. या दोघांनी १९२६ साली कितीतरी निष्कर्ष सिद्धता न देताच जाहीर केले होते. संचसिद्धांतातल्या व्यापक सातत्य-गृहीतकातून निवडीचे स्वयंसिद्धक निघते, हा त्यांतला एक. त्याची सिद्धता छापून आली १९४७ मध्ये, शेर्पिन्स्कींची. म्हणजे माणूस गेला तरी पीळ राहतो? राहतो, पण निष्कर्ष निदान कोणाच्या कानावर गेलेला असेल तरच. जळलेल्या सुंभाचा पीळ राखेत स्पष्ट दिसतो खरा, पण बोट लागताच राख विस्कटते. पुन्हा वळायचे तर हात लागतात, आणि मूळ वळण पाहिलेले डोळे लागतात.

तेवढ्यानेही भागते का, हे मला सांगता येत नाही. पोलिश तर्कशास्त्रज्ञ लेश्निएव्स्की १९३९ मध्ये वारले. त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते होती सोबोचिन्स्कींकडे, म्हणजे राशोवा यांच्याच शिक्षकांकडे, आणि तीही त्याच उठावात नष्ट झाली. सोबोचिन्स्की वाचले, हात होते, डोळे होते. पुढे आठवणींतून आणि विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून बरेच जुळवले गेले. त्या कागदांत आणखी काय होते, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.