कोनाचा व्हय तू?

आमच्या गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. कोणतं कारंजा? लाडांचं की घाडग्यांचं? लाडांचं कारंजा वाशीम जिल्ह्यात. नृसिंह सरस्वतींचं ते जन्मस्थान, त्यामुळे दत्तभक्तांची तिथं रीघ. आमचं घाडग्यांचं वर्धा जिल्ह्यात, नागपूर-अमरावती रस्त्यावर. कोंढाळी मागं पडली, संत्र्याच्या बागा दिसू लागल्या की समजायचं, आलंच. या रस्त्याचा नंबर सरकारनं बदलून ५३ केला, पण जुनी माणसं अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. आणि गावाच्या नावापुढच्या कंसातलं ‘घाडगे’ बाहेरची माणसं हमखास ‘गाडगे’ लिहितात. पूर्वी पत्रांवर लिहायची, आता पार्सलांवर. पूर्वी मी ही चूक हटकून दुरुस्त करायचो. हल्ली करत नाही. भाद्रपदात तर मुळीच नाही.

भाद्रपद आला की आमच्याकडं पोळ्याचे बैल गोठ्यात परततात आणि गणपती पाटावर बसतो. मधेच महालक्ष्म्या येतात. इतर महाराष्ट्र ज्यांना गौरी म्हणतो, त्या आमच्या महालक्ष्म्या. त्यांच्या जेवणाला आंबील लागते, सोळा भाज्या लागतात आणि गल्लीतली सगळी पोरं लागतात. बागेत अंबिया बहाराची संत्री हिरवीगार. पाऊस लांबला की फळगळ सुरू होते आणि माणूस एक डोळा आभाळाकडं, एक डोळा झाडाखाली ठेवून आरती म्हणतो. दहा दिवस असे जातात. मग देव उठतो आणि मागं उरतं निर्माल्य.

निर्माल्य म्हणजे देवावरून उतरलेलं फूल. ते देवाला पुन्हा वाहता येत नाही आणि उकिरड्यावर टाकवत नाही. पायदळी आलं तर पाप, घरात ठेवलं तर कुजतं. माझी आई ते एका पिशवीत साठवायची. पिशवी दाराआडच्या खुंटीला. दूर्वा, आघाडा, जास्वंद, केवड्याचं पातं, सगळं वाळून तिच्यात कुरकुरत असायचं. घरातलं कोणी अमरावतीला निघालं की पिशवी त्याच्या हाती. तळेगाव गेलं, एसटी वर्धा नदीच्या पुलावर चढली, की खिडकीशी बसलेल्या पोरानं हात जोडायचे आणि पिशवी भिरकवायची. हे काम बहुधा माझ्याकडं असे. पिशवी पाण्यावर पडली की काठावर, हे कधी दिसलं नाही. तोवर गाडी पुढं गेलेली असायची. नदी नेते, एवढं आम्हाला पुरे होतं.

पुढं कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं ते वाढीव गुणांसाठी. खोटं कशाला सांगू? सात दिवसांचं शिबिर एका दत्तक गावात झालं. नाली उपसताना समोरून आमचे मामा सायकलवर आले, तेव्हा मी घमेलं खाली ठेवून भिंतीआड झालो. रात्री विचार केला, मला लाज कशाची वाटली? गाळाची नव्हती, गाळ घरीही उपसला होता. लाज याची होती की हे काम ज्यांचं म्हणून गावानं ठरवलेलं, त्यांच्यात मामांनी मला मोजलं तर? ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

२०२३ साली तिथींनी गंमत केली. महालक्ष्म्या उठल्या २३ सप्टेंबरला, आणि दुसऱ्या दिवशी सेवा योजनेचा वर्धापनदिन. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला, ३७ विद्यापीठांतली ४०,००० पोरं घेऊन ही योजना सुरू झाली. तिच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे. आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, असा हिशेब. आमच्या कॉलेजच्या पोरांनी त्या वर्धापनदिनाला हारतुरे आणले नाहीत. गल्लीगल्लीतून महालक्ष्म्यांचे उतरलेले हार आणले, पोत्यांत भरून. वापरलेल्या फुलांचा एवढा मोठा समारंभ मी दुसरा पाहिला नाही.

अनंत चतुर्दशीला, २८ सप्टेंबरला, ती पोरं नदीवर उभी होती. कार नावाची आमची नदी. लहानशीच, पुढं वर्धेला मिळते. काठावर एक टेबल, दोन निळे ड्रम, हातानं रंगवलेली पाटी. पोरं दहा-बारा, डोक्याला पांढऱ्या टोप्या, छातीवर ते चाक. सुरुवातीला फोटो झाले. हातात कोरे झाडू, मागं फलक; फलक इतका मोठा की नदी दिसेना. मी मनात म्हटलं, चला, आमच्या वेळेसारखंच आहे. पण फोटो काढणारे गेले आणि पोरं थांबली.

पहिला तासभर ड्रम रिकामेच. ढोल यायचे, गुलाल उडायचा, लोक टेबलाला वळसा घालून सरळ पाण्यात उतरायचे. एक पोरगा गळा ताणून ‘जलप्रदूषण टाळा’ म्हणत होता. त्यांचे कार्यक्रमाधिकारी सर, शांत माणूस, त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, “भाषण नको देऊ. हात पुढं कर.” पोरानं खरंच दोन्ही हात पुढं केले, ओंजळ करून. त्या ओंजळीनं काय फरक पडला, ते मी बघत होतो. पाटी वाचून न थांबणारी माणसं हात बघून थांबायला लागली.

तेवढ्यात एक आजीबाई आल्या. नऊवारी, कपाळावर गुलाल, नातवाच्या हातात पाट आणि पाटावर वीतभर गणपती. आजींच्या हातात पिशवी. अगदी माझ्या आईच्या पिशवीसारखी.

“आजी, निर्माल्य इकडं द्या जी,” पोरगा म्हणाला.

“कायले पायजे तुले?”

“खत करतो जी.”

“देवाच्या फुलाचं खत करतं का रे?”

पोरगा गप्प. आजींनी त्याला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं आणि विचारलं,

“कोनाचा व्हय तू?”

हा प्रश्न आमच्या भागात दिवसातून दहादा विचारला जातो. त्यात प्रेमही असतं. बापाचं नाव सांगितलं की आजा निघतो, आज्यावरून गाव निघतं आणि शेवटी चहा निघतो. पण त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, आणि विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला दोघांनाही तो ऐकू येतो. बापाच्या नावाबरोबर गल्ली कळते, गल्लीबरोबर जात. म्हणजे आजी खरं तर विचारत होत्या, माझ्या देवावरचं फूल मी कोणाच्या हातात देत आहे? पोरालाही ते कळलं होतं. उत्तर द्यायला त्याला जरा वेळ लागला. मग त्यानं बापाचं नाव सांगितलं, बाप संत्र्याच्या गाड्या भरायला जातो हेही सांगितलं. ओंजळ मात्र मागं घेतली नाही.

आजी थांबल्या. ढोल वाजत होता, नातू पाट सावरत होता. त्यांनी पिशवीत हात घातला, दूर्वांची एक जुडी काढून आपल्या पदराला बांधली आणि उरलेली पिशवी त्या ओंजळीत ठेवली. टाकली नाही, ठेवली. टाकणं आणि ठेवणं यातलं अंतर वीतभरसुद्धा नसेल, पण आमच्या जिल्ह्याला ते चालायला फार वर्षं लागली आहेत.

वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं, तेव्हा कितीजणांनी त्या देवळाकडं पाठ फिरवली असेल! १९३६ साली गांधीजी शेगावात राहायला आले, ते शेगाव पुढं सेवाग्राम झालं. १९४६पासून विनोबा पवनारहून रोज पायी सुरगावला जायचे, खांद्यावर फावडं टाकून, गावाचा मैला उचलायला. ब्राह्मणाच्या पोटी जन्मलेला हा विद्वान माणूस रोजच्या रोज तेच काम करत होता. पवित्र आणि अपवित्र यांच्या मधली रेघ पुसायची तर प्रवचन पुरत नाही, हात बुडवावे लागतात, हे त्याला कळलं होतं.

आणि आमच्या रस्त्याच्या पुढच्या टोकाला, अमरावतीकडं, गाडगेबाबा. डोक्यावर गाडग्याचं खापर, हातात झाडू. यात्रेच्या गावी जायचे आणि देवळात न जाता आधी आवार झाडायचे. दिवसा गावाचा केर काढायचा, रात्री कीर्तनात माणसांच्या डोक्यातला. २० डिसेंबर १९५६ला ते गेले तेही वाटेवरच, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी. त्यांना ‘कोनाचा व्हय तू’ विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं? डेबूजी हे नाव त्यांनी केव्हाच मागं टाकलं होतं; लोकांनी त्यांना त्या गाडग्याचं नाव दिलं आणि त्यांनी ते पुरवून वापरलं. म्हणून आता कोणी कारंजा (गाडगे) लिहिलं की मी गप्प बसतो. चूक आहे, पण भाद्रपदात ती आमच्या अंगाला बसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. खरं काम तिथं होतं, आणि फोटोवाला तिथं नव्हता. ताडपत्रीवर ढीग. फुलं अजून ओली, वास गोड आणि कुजका असा मिसळलेला. हारातला दोरा ओढून काढायचा, नाहीतर खतात तो जन्मभर राहतो. चमकी, प्लॅस्टिकची फुलं, उदबत्तीचे पुडे, थर्माकोलचे तुकडे, सगळं वेगळं. नाणी एका डब्यात. ढिगात काय काय निघतं! हळदीकुंकवाची पुडी, लग्नाची पत्रिका, बाळाची तुटलेली करगोटी. एका पोरीच्या हाताला चार घड्या घातलेला कागद लागला. उघडला तर दहावीच्या हॉल तिकिटाची झेरॉक्स. देवापुढं ठेवलेली असणार. पोरं हसली. त्या पोरीनं मात्र नावावर अंगठा ठेवला, कागद पुन्हा चार घड्यांत मिटला आणि बाजूच्या विटेखाली ठेवून दिला. पास झाला की नापास, कुणास ठाऊक. पण त्याचं गाऱ्हाणं तिनं वाचलं नाही. मला वाटलं, या पोरीला सेवा शिकवायची काही गरज नाही.

विज्ञान शाखेच्या दोघांचा वेगळाच खटाटोप चालला होता. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही; शाडूची काही तासांत माती होते, ही महिनोन् महिने तशीच पडून राहते, रंग सोडत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं यावर तोड काढली, अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात मूर्ती ठेवायची. यांनी पाण्याच्या टाकीत एक छोटी मूर्ती ठेवली होती. वास नाकात झोंबत होता, मूर्तीच्या अंगावरून बारीक बुडबुडे वर येत होते. तळाशी खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, तेच जे आम्ही बागेला पोत्यानं विकत आणून घालतो. टाकीवर वाकलेला एक पोरगा म्हणाला, “सर, बाप्पा श्वास घेऊन राह्यले.” कोणी हसलं नाही.

फुलांवर शेण आणि माती घातली, पाणी शिंपडलं, वर पोतं टाकलं. आठवड्याला एकदा वरखाली करायचं. पहिल्या आठवड्यात ढिगात हात घातला तर चटका बसावा इतका तापला होता. दिवाळीनंतर तो निवला, काळा झाला, भुसभुशीत झाला आणि पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास देऊ लागला. त्यात जास्वंद कोणती, दूर्वा कोणाच्या घरची, काही ओळखू येत नव्हतं.

या योजनेची एक अडचण आहे. दोन वर्षं झाली की पोरं जातात. हात तयार होतात आणि निघून जातात, नदीकाठी पुन्हा कोरी ओंजळ उभी राहते. मला ती उणीव वाटायची. गावाचा विश्वास दोन वर्षांच्या मुदतीवर कसा मिळणार?

२०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आली. नदीवर गेलो. टेबल तेच, ड्रम चार झालेले. फलक लहान झालेला, त्यामुळं नदी दिसत होती. आजीबाई आल्या. या वेळी नातू मोबाइलवर शूटिंग करत होता आणि पाट आजींच्याच हातात. टेबलाशी त्या इकडं तिकडं पाहू लागल्या.

“तो पोट्टा कुठी गेला?”

“तो कामाले लागला जी, बुटीबोरीले,” एक मुलगी म्हणाली. पहिल्या वर्षाची असावी. टोपी डोक्याला मोठी होत होती.

आजींनी तिला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं.

“मंग तू कोनाची व्हय वं?”

मी कान टवकारले. मुलीनं बापाचं नाव घेतलं नाही, गल्लीचंही नाही. मुद्दाम टाळलं असंही वाटलं नाही. तिला दुसरं उत्तर सुचलंच नसावं.

“कॉलेजची जी, आजी.”

आजी क्षणभर थांबल्या. मग पिशवी ड्रममध्ये ठेवली आणि गणपतीचा पाट सरळ तिच्या हातात दिला. एवढं तिनंही मागितलं नव्हतं.

“नीट धर वं,” आजी म्हणाल्या, “जड आहे.”