गाडीच्या पोटाखाली

आजचा रविवार जॅग्वार ई-टाइपच्या पोटाखाली उताणा पडूनच सरला. १९६१ साली जिनीव्हात प्रकटलेल्या या गाडीचे बाह्यांग विमानविद्येतून आलेल्या माल्कम सेयर यांनी गणिताने रेखिले. परंतु ज्या अधोभागाकडे सहसा कोणाची दृष्टी जात नाही, तेथे नळ्या, दांडे आणि पोकळ्या यांची अशी बेबंदशाही आहे की, खाली शिरलेला वारा अडखळतो, तुंबतो आणि भरवेगात गाडीचे नाक उचलू पाहतो. त्याच्या बंदोबस्तासाठी, आधी पुठ्ठ्यावर बेतून, दीड मिलिमीटर जाडीचे ॲल्युमिनियमचे पत्रे कापून तळाला बसविले. उष्णतेला वाट देण्याची तजवीज मात्र राहिलीच; धुराच्या नळीलगतचा पत्रा चटका बसण्याइतका तापला, आणि ऑइल काढण्याचे बूच तर (केवढा हा माझा वेंधळेपणा!) पत्र्याआड समूळ गडप झाले. उद्या तेथे झडप कापावयाची.