शंकेची पाल

एखादा शब्द कानावर पडताच तो आपलाच आहे असे मानण्याची घाई माणसाच्या हातून किती सहज होते, याचा अनुभव आम्हां सीमेवरच्या लोकांना जितका येतो तितका तो पुण्या-नाशिककडच्या मंडळींना क्वचितच येत असेल. आपल्या बेज्जूरचीच गोष्ट घ्या. घरात मराठी, बाजारात तेलुगू, आजोबांच्या पेटीतल्या जुन्या कागदांवर निजामाच्या काळातील उर्दू आणि जंगलाकडून येणाऱ्या माणसांच्या तोंडी गोंडी किंवा कोलामी. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग मराठी मुलखाकडे गेले. आपली गावे इकडेच राहिली. पुढे २०१४ मध्ये राज्य बदलले, २०१६ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. शेजार मात्र तोच राहिला.

आमच्या आईचे माहेर वऱ्हाडातले. लग्न होऊन ती या गावी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारात बाईमाणसाचा आवाज आला, ‘पालु!’ आई अंथरुणातून ताडकन उठली आणि केरसुणी घेऊन भिंती न्याहाळू लागली. आजीला हसू आवरेना. बाहेर दूधवाली उभी होती. तेलुगूत पालु म्हणजे दूध, हे आई त्या दिवशी शिकली. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली, की शब्दांची गंमत म्हणजे एवढेच, असे आम्हीही बरीच वर्षे समजत होतो.

वास्तविक आपल्या मराठीतही पाल एक नव्हे. भिंतीवर असते ती पाल आणि भटक्यांच्या तळावर उभे राहते ते पाल. लिंग बदलले की घर बदलते. तेलुगूतही तसेच. पालु म्हणजे दूध, आणि पालु म्हणजे वाटा, हिस्सा. भावाभावांच्या वाटणीचे तेलुगू कागद सरकारी नोकरीत आमच्या हातून पुष्कळ गेले. त्यांतल्या ‘पालु’ने आम्हाला कधी फसवले नाही. फसवले ते दुसऱ्याच एका ठिकाणी.

१९८६ च्या पावसाळ्यात गोदावरीच्या खोऱ्यात मोठा पूर आला. आम्ही नोकरीत नवखे होतो. प्राणहितेकाठच्या वस्त्यांतील काही कुटुंबे एका शाळेत आणून ठेवली होती आणि कोणाला काय हवे याची यादी करण्याचे काम आमच्याकडे होते. बाहेर पाऊस कोसळत होता, शाळेचे छप्पर दोन-तीन ठिकाणी गळत होते. एक गोंड बाई कडेवर मूल घेऊन टेबलापाशी आली आणि काहीतरी बोलली. त्यातला एकच शब्द आम्हाला कळला, ‘पाल’. आम्ही वहीत लिहिले, ‘ताडपत्री, एक’, आणि ती तिच्या हाती दिलीही. ती जागची हलली नाही. तोच शब्द तिने पुन्हा, जरा हळू आवाजात उच्चारला. आम्ही तेलुगूत म्हणालो, ‘दिली ना, अम्मा,’ आणि पुढच्या माणसाला बोलावले. ती मुकाट्याने कोपऱ्यात जाऊन बसली.

दिवस मावळताना गोंडी जाणणारा एक वयस्क शिपाई तिकडून फिरत आला. त्याने तिची विचारपूस केली आणि तसाच आमच्याकडे येऊन म्हणाला, ‘साहेब, ती दूध मागते आहे. तापाने तिचं आटलंय. लेकराच्या पोटात सकाळपासून भाताच्या पेजेखेरीज काही नाही.’ गोंडीत दुधाला पालच म्हणतात. गावातल्या एका घरून तांब्याभर दूध आले, मूल पिऊन झोपी गेले. बाईने ताडपत्रीची नीट घडी घालून ती आमच्या टेबलावर परत आणून ठेवली. तिची क्षमा मागावी असे फार वाटले; पण त्यासाठी लागणारे शब्द आमच्यापाशी नव्हते.

त्या प्रसंगाचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. आम्हाला गोंडी येत नव्हती हे खरेच. पण खरी अडचण ही, की तो एक शब्द आम्हाला येत होता! सर्वस्वी अनोळखी शब्द असता, तर आम्ही कोणाला तरी विचारले असते. तेलुगूतला पालु रोजच्या व्यवहारातला. पण शेवटचा उकार गळाला मात्र, आणि आमचा कान थेट मायबोलीकडे धावला. मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. ती नेमकी त्याच वेळी गप्प बसली.

निवृत्तीनंतर कोश चाळण्याचा नाद लागला, तो बहुधा यामुळेच. बरो आणि एमेनो या दोन पंडितांचा द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुधाचे हे सारे गोत एकत्र बसलेले दिसते. तमिळ आणि मलयाळम्‌मध्ये पाल, तेलुगूत पालु, गोंडी-कोलामीत पाल. कन्नडात ‘प’चा ‘ह’ होऊन हालु. आपल्या ‘दूध’शी, म्हणजेच संस्कृत ‘दुग्ध’शी, यांचे काही नाते नाही. भिंतीवरच्या पालीचे मात्र नवल वाटते. ती संस्कृत ‘पल्ली’वरून आली, पंचांगातले पल्लीपतन आपण वाचतोच. तेलुगूत हिलाच बल्लि, तमिळमध्ये पल्लि आणि कन्नडात हल्लि म्हणतात. संस्कृतने हा शब्द द्राविडी भाषांकडून घेतला असावा, असे मानले जाते. म्हणजे ज्या पालीला आई आपल्या माहेरची समजत होती तिचे गणगोत दूधवालीच्याच घरी निघाले. आणि ज्या पालुने तिला दचकवले त्याचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

परवा आमच्या नातीने इंग्रजी पुस्तकातला ‘पेनपॅल’ हा शब्द ‘पेनपाल’ असा वाचला आणि लेखणीवर चढलेल्या पालीची कल्पना करून ती पोट धरून हसली. आम्ही तिला सांगितले, की मित्र या अर्थाचा हा ‘पॅल’ इंग्रजांनी रोमानी लोकांकडून घेतला. रोमानी भाषेत त्याचा अर्थ भाऊ. या भटक्या लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातूनच पश्चिमेकडे गेले आणि जाताना संस्कृतातल्या ‘भ्रातृ’चे झिजलेले रूप सोबत घेऊन गेले. आपला ‘भाऊ’ही त्याच ‘भ्रातृ’चा. तेव्हा पॅल आणि भाऊ, ध्वनीने इतके दूर असूनही, एकाच घरचे.

नात क्षणभर गप्प राहिली. मग तिने विचारले, ‘आजोबा, मग पाल म्हणजे नक्की काय?’

आम्ही म्हणालो, ‘बाळ, कोण म्हणाले ते आधी सांग.’