कुलवृत्तांतात नसलेल्या लेकी

चि. सोनू,


"आत्या, दोष माझ्यातच निघाला," असं तू फोनवर म्हणालीस. शेजारी तुझ्या सासूबाई होत्या म्हणून मी गप्प बसले, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दोष कसला गं? १९९४ साली नेदरलँड्समधल्या लायडन गावी हा जनुकातला बदल सापडला, म्हणून फॅक्टर फाइव्ह लायडन. रक्त गोठवणारं ते प्रथिन वेळेवर थांबत नाही, गुठळीकडे कल वाढतो. आई किंवा बाबा, कुणातरी एकाकडून ते तुझ्याकडे आलं. माझं मन सांगतं, आमच्याकडूनच.

तू विचारलंस ते डोहाळजेवणाचं. तुला नको असेल तर नको. सासूबाईंशी मी बोलेन. त्या वाईट नाहीत, धास्तावल्यात.

परवा आपला कुलवृत्तांत काढला. अण्णांनी गावोगाव पत्रं धाडून माहिती जमवलेली. कोण बी.ए. झालं, कुणाला इनाम होतं, सगळं आहे. माझ्या मोठ्या आत्यापुढे मात्र दोनच शब्द, 'अल्पवयात निधन'. बाळंत होऊन बारा दिवस झालेले, डावा पाय खांबासारखा सुजलेला, आणि बारशाच्या सकाळी दम लागून ती गेली. आजी म्हणायची, दृष्ट लागली. इतकी वर्षं लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या हाताळल्यावर मला वाटतं, पायातली गुठळी फुप्फुसात गेली असावी. ही ओळ त्या पुस्तकात असती तर पहिल्याच खेपेला तुला डॉक्टरांच्या कानावर घालता आली असती. घराण्यातल्या लेकींचे किती गर्भ टिकले नाहीत, कितव्या महिन्यात गेले, याला त्या जाड पुस्तकात जागाच नाही. गोत्र-प्रवर जपायचं आणि रक्ताचा इतिहास लपवायचा, याचा मला संताप येतो. प्रत्येक घरानं हे लिहून ठेवलंच पाहिजे, आणि सुनांनाही मोकळेपणी विचारलं पाहिजे.

आणि तू तरी काय केलंस? तिन्ही गर्भपातांच्या वेळी ऑफिसात 'पोट बिघडलंय' म्हणून रजा टाकलीस. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ पासून कायद्यात आहे. मागितलीसुद्धा नाहीस! आता लपवालपवी पुरे, बाळा.

परवा हेपारिनच्या इंजेक्शनला चार तास उशीर झाला म्हणून रडलीस, असं जावईबापू सांगत होते. ऐक. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला. वारंवार गर्भपात झालेल्या आणि रक्तात असाच आनुवंशिक कल असलेल्या बायका होत्या. हेपारिनची इंजेक्शनं घेतलेल्यांपैकी ७२ टक्के जणींना जिवंत मूल झालं, न घेतलेल्यांपैकी ७१ टक्के जणींना. तुझ्यासारख्याच, रित्या हातानं घरी परतलेल्या होत्या त्या. तेव्हा उशीर झालेल्या सुईवर बाळाचा जीव टांगलेला नाही.

मग सुई कशाला? तुझ्यासाठी. मागच्या खेपेनंतर पोटरीत गुठळी झाली होती ना? गरोदरपणात रक्त आणखीच गोठू बघतं. म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही, माझं पत्र वाचून तर मुळीच नाही. हेपारिन वारेतून बाळाकडे जात नाही. पोटावर काळेनिळे डाग पडतात ते पडू देत, टोचलेली जागा चोळू नकोस. आणि रक्ताचं गोठणं आवरणारं प्रोटीन एस तपासणीत कमी आलं म्हणून घाबरलीस ते उगाच. गरोदरपणी ते उतरतंच, तेव्हा तपासूच नये.

एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखली, छातीत कळ आली, दम लागला, तर 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठायचा. पुण्याला गाडीनं येणार म्हणतेस, तर वाटेत उतरून चाल, पाणी पी. खरं तर येऊच नकोस, मीच येते. कळा सुरू झाल्या की शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं ते सांगायला विसरू नकोस, कमरेत भूल देण्याआधी डॉक्टर तेच विचारतील. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे धोका आणखी जास्त, इंजेक्शनं तेव्हाही चालू राहतील. बारशाच्या गडबडीत एकही चुकता कामा नये, हे जावईबापूंना आत्तापासूनच बजावून ठेव.

दादाला रक्त तपासायला सांग. मी म्हटलं की विषय बदलतो. तू म्हणालीस तर जाईल. माझं मी काल देऊन आले.

तुझी,
आत्या